अन्ननलिकेतील दुर्मिळ अर्बुदे आणि दाह

अन्ननलिकेतील दुर्मिळ अर्बुदे म्हणजे घसा व जठर यांना जोडणाऱ्या स्नायुमय नळीत क्वचित आढळणाऱ्या गाठी होत. अन्ननलिकेचे बहुसंख्य कर्करोग शल्की पेशींचा कर्करोग आणि ग्रंथिकर्करोग या दोन प्रकारांत मोडतात, तर सौम्य गाठींमध्ये गुळगुळीत स्नायूंपासून होणारा लायोमायोमा सर्वाधिक आढळतो. त्यांखेरीज शल्की पॅपिलोमा, कणयुक्त पेशींचे अर्बुद, दाहजन्य तंतुमय पॉलिप व दाहजन्य मायोफायब्रोब्लास्टिक अर्बुद अशा काही गाठी अल्प प्रमाणात दिसतात. यांपैकी अनेकींचा दाहाशी या ना त्या स्वरूपाचा संबंध असल्याने त्यांचे निदान सूक्ष्मदर्शकाखालीही फसवे ठरू शकते.

रचना

प्रौढ व्यक्तीची अन्ननलिका सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते. तिच्या आतील बाजूस शल्की पेशींचे अनेकपदरी अस्तर असते. त्याखाली सैल संयोजी ऊतकाचा थर व त्याबाहेर स्नायूंचा थर असतो. पॅपिलोमा अस्तरातून उगवतो. दाहजन्य पॉलिप आणि कणयुक्त पेशींचे अर्बुद बहुधा अस्तराखाली वाढतात. गाठ कोणत्या थरात आहे, यावर तिचे स्वरूप व उपचार बऱ्याच अंशी अवलंबून असतात.

दाहाशी असलेला संबंध

इजा किंवा संसर्ग झाल्यावर ऊतकात पांढऱ्या पेशी जमतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि झीज भरून काढण्यासाठी पेशी विभागू लागतात. ही क्रिया वेळेवर थांबली तर जखम भरते. वर्षानुवर्षे चालू राहिली तर विभाजनातील चुका साठत जातात. अर्बुदांत पांढऱ्या पेशी आढळतात, हे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी १८६३ मध्ये नोंदवले आणि अर्बुदांचा संबंध दीर्घकालीन दाहाशी जोडला.

अन्ननलिकेत या प्रक्रियेचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे आम्लाचा प्रत्यावाह. जठरातील आम्ल वारंवार वर आल्याने खालच्या भागातील शल्की अस्तराच्या जागी आतड्यासारखे अस्तर तयार होते. त्यास बॅरेट अन्ननलिका म्हणतात. अशा काही थोड्या रुग्णांत पुढे ग्रंथिकर्करोग उद्भवतो. दाहक क्षार गिळल्याने झालेल्या जखमेच्या व्रणातही कित्येक दशकांनंतर शल्की कर्करोग होऊ शकतो.

दुर्मिळ अर्बुदांत मात्र हा संबंध तीन निरनिराळ्या प्रकारचा असतो : दाह गाठीस कारणीभूत ठरतो, गाठीतच दाहपेशींची गर्दी असते, किंवा गाठीमुळे शेजारच्या अस्तरात प्रतिक्रिया उमटते.

प्रमुख प्रकार

शल्की पॅपिलोमा : ही अस्तरातून वर आलेली, बहुधा काही मिलिमीटरची, पांढुरकी व चामखिळीसारखी सौम्य वाढ असते. आम्लाचा प्रत्यावाह व दीर्घकालीन घर्षण ही तिची संभाव्य कारणे मानली जातात. काही गाठींत मानवी पॅपिलोमा विषाणू सापडतो, परंतु सर्वच गाठींत तो आढळत नाही.

दाहजन्य तंतुमय पॉलिप : योसेफ वानेक यांनी १९४९ मध्ये जठरातील अशा गाठींचे वर्णन केले. म्हणून तिला वानेक अर्बुद असेही म्हणतात. ती जठर व लहान आतड्याच्या अंत्यभागात अधिक, तर अन्ननलिकेत अत्यंत क्वचित आढळते. तिच्यात तर्कुरूप पेशी, लहान रक्तवाहिन्या आणि पुष्कळ इओसिनोफिल पेशी असतात. त्यामुळे ही केवळ दाहाची प्रतिक्रिया असावी, असे दीर्घकाळ मानले जात होते. २००८ मध्ये अशा गाठींत पीडीजीएफआरए या जनुकातील उत्परिवर्तने आढळली आणि ते खरे, पण सौम्य अर्बुद असल्याचा विचार पुढे आला. नावात ‘दाहजन्य’ हा शब्द तसाच राहिला आहे.

दाहजन्य मायोफायब्रोब्लास्टिक अर्बुद : यालाही पूर्वी ‘दाहजन्य आभासी अर्बुद’ म्हणत. यात प्लाझ्मा पेशी व लिम्फोसाइट यांची दाटी असते. सुमारे निम्म्या रुग्णांत एएलके जनुकाची पुनर्रचना आढळते. काढल्यानंतर ते त्याच जागी पुन्हा उद्भवू शकते. दूर पसरणे विरळ असते.

कणयुक्त पेशींचे अर्बुद : रशियन विकृतिशास्त्रज्ञ अब्रिकोसोव्ह यांनी १९२६ मध्ये त्याचे वर्णन केले. ते मज्जातंतूंना आच्छादणाऱ्या श्वान पेशींपासून होते आणि एंडोस्कोपीत पिवळसर, टणक उंचवट्यासारखे दिसते. ते बहुतांशी सौम्य असते. मात्र त्याच्यावरील अस्तर कधीकधी इतके जाड होऊन खाली बोटांसारखे पसरते की, केवळ वरवरचा तुकडा तपासल्यास शल्की कर्करोगाचा भास होतो.

लक्षणे

लहान गाठींची बहुधा कोणतीही लक्षणे नसतात. अन्य कारणासाठी केलेल्या एंडोस्कोपीत त्या योगायोगाने सापडतात. मोठ्या गाठींमुळे घास अडकणे, छातीत दुखणे, रक्तस्राव किंवा वजन घटणे संभवते. ही लक्षणे कर्करोगातही असतात. म्हणून घास अडकण्याची तक्रार केवळ आम्लपित्त समजून दुर्लक्षिणे धोक्याचे ठरते.

निदान

एंडोस्कोपी व बायोप्सी या मूलभूत तपासण्या होत. गाठ अस्तराखाली असल्यास साध्या बायोप्सीत केवळ वरचे निरोगी किंवा दाहयुक्त अस्तर हाती येते आणि मूळ गाठ निसटते. अशा वेळी एंडोस्कोपीद्वारे केलेल्या अल्ट्रासाउंडने गाठीचा थर व आकार समजतो. ऊतकावरील प्रथिनांच्या चाचण्यांनी प्रकार निश्चित होण्यास मदत होते : कणयुक्त पेशींच्या अर्बुदात एस-१००, तर दाहजन्य तंतुमय पॉलिपमध्ये सामान्यतः सीडी-३४ हे प्रथिन आढळते.

उपचार

अन्ननलिका काढून टाकण्याची शस्त्रक्रिया मोठी व जोखमीची असते. सौम्य गाठीस कर्करोग समजल्यास ती विनाकारण होण्याची भीती असते. उलट कर्करोगास दाह समजल्यास उपचाराचा मोलाचा काळ वाया जातो. म्हणून मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी निदान निश्चित करणे आवश्यक ठरते. लहान, वरच्या थरांतील गाठी एंडोस्कोपीद्वारे काढता येतात. लक्षणे नसलेल्या लहान कणयुक्त अर्बुदांवर केवळ देखरेख ठेवली जाते. खोल किंवा मोठ्या गाठींसाठी शस्त्रक्रिया लागते. शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या व एएलके जनुकात बदल असलेल्या मायोफायब्रोब्लास्टिक अर्बुदांवर क्रिझोटिनिबसारखी औषधे वापरली जातात. आम्लाचा प्रत्यावाह असल्यास त्यावरही स्वतंत्र उपचार केले जातात.