यंत्राचे झाकण उघडताना

आपल्या विद्यालयाच्या विज्ञान प्रयोगशाळेत खिडकीलगतच्या कडाप्प्यावर एक लहान सीएनसी यंत्र आहे. सीएनसी म्हणजे संगणकाने दिलेल्या आकड्यांनुसार कोरीवकाम करणारे यंत्र. आपल्याकडील यंत्र सर्किट बोर्ड तयार करण्यासाठी वापरले जाते. माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून ते आले, आणि ते एकट्या आपल्या विद्यालयाचे नसेल हे तेव्हाच ठरले. शेजारच्या दोन शाळांची मुले शनिवारी आणि आयटीआय व तंत्रनिकेतनात शिकणारे आपले माजी विद्यार्थी रविवारी ते वापरतील, अशी व्यवस्था होती. मागच्या पावसाळ्यात यंत्र बंद पडले. पाहायला आलेल्या कारागिराने झाकण न उघडताच सांगितले की नियंत्रणाची संपूर्ण पेटी बदलावी लागेल. तेवढा निधी नव्हता. यंत्रावर प्लॅस्टिक पडले आणि चार महिने ते तसेच राहिले. 'सर्वांसाठी' ही पाटी मात्र त्याच्यावर तशीच होती. प्रयोगशाळेची किल्ली त्या वर्षी माझ्याकडे, म्हणजे इतिहासाच्या शिक्षकाकडे होती. म्हणून त्या दुरुस्तीची हकिकत लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

प्रथम यंत्राचे काम समजून घेऊ. सर्किट बोर्ड म्हणजे काचतंतू व राळ यांपासून केलेली साधारण १.६ मिलिमीटर जाडीची पट्टी. तिच्या पृष्ठभागावर तांब्याचा अवघा ३५ मायक्रॉन, म्हणजे ०.०३५ मिलिमीटर जाडीचा थर असतो. नको असलेले तांबे काढून टाकले की उरलेले तांबे तारांचे काम करते. घरगुती पद्धतीत हे तांबे फेरिक क्लोराइडच्या द्रावणात विरघळवतात. ते द्रावण कपड्यांवर, लादीवर कायमचे डाग पाडते आणि उरलेले तांबेमिश्रित पाणी कुठे टाकावे हा प्रश्न राहतोच. जिथे मुले चोवीस तास राहतात तिथे ही डोकेदुखी नको, म्हणून आपण कोरण्याचा मार्ग घेतला. टोकदार बिट तांब्यातून बारीक चर काढत जाते. कोरताना उडणारी काचतंतूंची धूळ फुप्फुसांना घातक असते. तोंडावर मास्क आणि शेजारी व्हॅक्यूम क्लीनर यांविना यंत्र सुरू करायचे नाही, हा नियम आहे.

बिट हलते कसे? संगणकावरचे चित्र आकड्यांच्या आज्ञांत रूपांतरित होते. त्या आज्ञा कंट्रोलर बोर्डवरचे जीआरबीएल नावाचे मुक्त सॉफ्टवेअर वाचते. २००९ मध्ये नॉर्वेतील एका प्रोग्रामरने सुरू केलेले हे सॉफ्टवेअर कोणालाही विनामूल्य वापरता व बदलता येते. ते ड्रायव्हरला इशारे देते आणि ड्रायव्हर स्टेपर मोटरला पावलापावलाने फिरवतो. मोटरचा एक फेरा २०० पावलांचा, ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे १६ भाग करतो, म्हणजे एका फेऱ्यात ३२०० पावले. एका फेऱ्यात लीड स्क्रू ४ मिलिमीटर सरकवतो. भागाकार केला की एका मिलिमीटरला ८०० पावले येतात. नववीच्या मुलांनी हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा गणिताच्या बाई माझ्याहून अधिक खूश झाल्या.

दुरुस्तीला सुरुवात करून दिली ती एका पालकांनी. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औद्योगिक वसाहतीत ते कंट्रोल पॅनलचे वायरमन आहेत. रविवारी मुलीला भेटायला आले असता त्यांनी प्लॅस्टिकखाली काय आहे ते विचारले. मला वाटले ते लगेच स्क्रू ड्रायव्हर मागतील, पण त्यांनी मुलांना समोर बसवले आणि विचारले, "बंद पडण्याआधी यंत्र काय काय करत होतं? आठवेल तसं सांगा." एकाने सांगितले, मध्येच धोक्याचा संदेश यायचा आणि सगळे थांबायचे. दुसरी म्हणाली, "काका, बिट वर उचललं जायचंच नाही, बोर्डवर आडवा ओरखडा पडायचा." कधी? खूप आठवल्यावर उत्तर आले: बिट धरणारा भाग उजव्या टोकाला गेला की. "मग पेटी कशाला बदलायची? तार बघू," असे म्हणून ते उठले. दुःख आहे, त्याला कारण आहे आणि ते कारण शोधता येते, हे आपण वंदनेनंतरच्या प्रवचनात मुलांना सांगतो. मला त्या दुपारी ते वेगळ्या तऱ्हेने ऐकू आले.

दोष एक नव्हता. उभ्या अक्षाच्या मोटरकडे जाणारी तार सरकत्या भागाबरोबर रोज शेकडो वेळा वाकत होती. वरचे आवरण शाबूत, आतले तांबे तुटलेले. टोकाला ताण आला की जोड सुटायचा. वीज चालू असताना मोटरची तार अशी सुटली तर ड्रायव्हर जळू शकतो, आणि तो जळालाच होता. सुदैवाने तो सुटा बसवण्याचा होता. आणखी एक दोष असा की मर्यादा-स्विचच्या नाजूक तारा स्पिंडलच्या तारेशी एकाच जुडग्यात बांधलेल्या होत्या. स्पिंडलच्या मोटरमधला विद्युत-गोंगाट त्यांत शिरत होता आणि यंत्राला कड आल्याचा भास होत होता. यात खाडीकाठची दमट हवाही मिळाली होती: स्क्रूखालच्या उघड्या तारांवर हिरवट थर जमला होता.

नव्या वायरिंगसाठीचा माल लॅमिंग्टन रोडवरून आणला. सरकत्या भागासाठी बारीक तंतूंची, सिलिकॉन आवरणाची लवचिक तार घेतली आणि ती ड्रॅग चेनमधून नेली, म्हणजे ती ठरावीक गोलाईतच वाकते. तारेच्या टोकाला डाग न देता पिन लग दाबून बसवला, कारण डाग दिलेले टोक स्क्रूखाली हळूहळू दबते आणि जोड सैल होतो. स्पिंडलच्या तारा एका बाजूने, स्विचच्या तारा दुसऱ्या बाजूने नेल्या; स्विचसाठी जाळीदार आवरणाची तार वापरून ती जाळी एकाच टोकाला अर्थ केली. स्विच 'नेहमी जोडलेले' या पद्धतीचे केले. आता तार तुटली तर यंत्र आपोआप थांबते. पूर्वी तुटलेली तार कळतच नसे आणि भाग कडेवर जाऊन आदळे. यासाठी सॉफ्टवेअरमधली एक मांडणी बदलावी लागते.

मोटरच्या चार तारांतील जोड्या ओळखण्याची युक्ती मुलांना फार आवडली. कुठल्याही दोन तारा एकमेकींना टेकवून दांडा बोटांनी फिरवायचा. जड लागला तर त्या एकाच गुंडाळीच्या. मग मल्टिमीटरने खात्री करायची. जोड्या चुकल्या तर मोटर फिरत नाही, नुसती थरथरते. २३० व्होल्टच्या बाजूला मात्र मुलांचा हात नाही. ते काम काकांनी केले, प्लग काढून आणि थोडा वेळ थांबून, कारण एसएमपीएसमधील कपॅसिटर वीज गेल्यावरही भार धरून असतात.

इथे इतिहासाच्या शिक्षकाला एक गोष्ट सांगू द्यावी. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना साचाखात्यात प्रवेश नव्हता. तिथले वेतन चांगले होते, पण कांडी बदलताना धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढावे लागे आणि त्या लाळेचा विटाळ सवर्ण कामगारांना चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. यंत्र एका छपराखाली होते, कामगार एका छपराखाली होते, मागण्याही एकत्र मांडल्या जात होत्या. पण त्या यंत्राला हात लावण्याचा अधिकार जातीने वाटलेला होता. आपल्या प्रयोगशाळेतील झाकण कोणी जातीमुळे बंद ठेवलेले नव्हते, हे खरे. तरीही आपली मुले चार महिने त्याच्यापासून लांब उभी राहिली, आणि 'उघडू नका, तुम्हाला समजणार नाही' हे वाक्य त्यांना आणि मलाही फार सहज पटले. ते इतके सहज का पटावे, याचा विचार मी अजून करतो आहे.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतील मुलांनी हाताने काम करीत शिकावे हा त्यांचा आग्रह होता. २००२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब उभी राहिली. त्या संस्थेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. जगभरच्या फॅब लॅबना एक सनद लागू आहे. वापरणाऱ्याने यंत्राची स्वच्छता व देखभाल यांत भाग घ्यावा आणि शिकलेले इतरांसाठी नोंदवून ठेवावे, असे तीत अपेक्षित आहे. सामायिक यंत्राच्या बाबतीत यातला दुसरा भाग जास्त मोलाचा आहे, असे माझे मत झाले आहे. जुन्या वायरिंगमध्ये सहा तारा एकाच रंगाच्या होत्या. ज्याने त्या जोडल्या त्याच्याखेरीज कोणालाही त्या वाचता आल्या नसत्या.

म्हणून काकांनी प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना फेरूल चढवले. त्यांच्या धंद्यात फेरूल म्हणजे क्रमांक छापलेली बारीक नळी. त्या क्रमांकांचा मराठी आराखडा दहावीच्या मुलींनी काढला आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला. शेजारी नोंदवही दोरीने बांधली आहे: तारीख, काय झाले, काय केले, कोणी केले. शेजारच्या शाळांची मुलेही तीतच लिहितात.

दुरुस्तीनंतरचा पहिला बोर्ड वसतिगृहाच्या गच्चीवरच्या टाकीतील पाण्याची पातळी दाखवण्यासाठी कोरला. तो दुसऱ्या प्रयत्नात जमला; पहिल्या वेळी बोर्ड सपाट बसला नव्हता आणि एका बाजूचे तांबे तसेच राहिले. त्यानंतर दिवाळीच्या सुट्टीआधी यंत्र पुन्हा एकदा अडले. मला ते कळले तीन दिवसांनी, वही चाळताना. आडव्या अक्षाच्या कपलिंगचा स्क्रू सैल झाला होता, तो आवळला, असे लिहून खाली शेजारच्या शाळेतील आठवीच्या दोन मुलींनी सह्या केल्या होत्या.