सही तर आली, पुढे काय?

शिर्डीत साईसच्चरित्राचं पारायण असलं की मंडपात बायका ओळीनं पोथी उघडून बसतात. काहीजणींची पोथी मात्र बंदच असते. 'चष्मा विसरले गं', असं म्हणत त्या नुसतं ऐकतात. चष्म्याचं हे निमित्त मी इतक्यांदा ऐकलंय, की त्यामागचं न बोललेलं वाक्यही आता कळतं.

२०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सात वर्षांवरच्या दर शंभर स्त्रियांमध्ये सुमारे चोवीस निरक्षर होत्या. आपण त्यांना सहज 'अडाणी' म्हणून टाकतो. पण फुलांच्या पाटीचा दिवसभराचा हिशोब तोंडी करणारी बाई अडाणी कशी? भाऊ शाळेत गेला आणि ही धाकट्या भावंडांना सांभाळत घरी राहिली, एवढाच काय तो फरक. म्हणून प्रौढ शिक्षण म्हणजे उपकार नव्हेत. ते समाजाकडे राहिलेलं देणं आहे. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८५५मध्ये शेतकरी-कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, ती हे ओळखूनच. पुढे १९५९मध्ये साताऱ्यातून ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तेव्हा आपल्या माणसांना साक्षर करण्याची जबाबदारी गावांनीच उचलली.

'आता या वयात शिकून काय नोकरी लागणारे?' हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. विचारणारे बहुधा मुलगे किंवा नवरे असतात! ठाणे जिल्ह्यातल्या फांगणे गावच्या आजीबाईंना कुठे नोकरी हवी होती? पोथी स्वतः वाचता यावी, एवढीच त्यांची इच्छा होती. शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती ऐकली आणि ८ मार्च २०१६ला 'आजीबाईंची शाळा' भरली. गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून आज्या शाळेत निघाल्या.

आमच्या बचत गटातली एक मावशी मोठ्या हौसेनं सही शिकली. ठरावाच्या वहीवर अंगठ्याऐवजी नाव उमटलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनं मात्र विचारलं, ''अगं, पण मी सही कशावर केली, ते तर सांग!''

प्रौढ शिक्षणाचा सगळा उद्देश त्या एका प्रश्नात आला. नुसत्या सहीनं आकडा सुधारतो, बाईचं जिणं नाही. २०२४मध्ये 'लाडकी बहीण' योजना आली आणि बायकांच्या खात्यात पैसे येऊ लागले. पण मोबाइलवर आलेला मेसेज दुसऱ्यानं वाचायचा, ओटीपी दुसऱ्याला सांगायचा, तर पैसा खरंच तिच्या हातात राहिला का? औषधाच्या बाटलीवरची तारीख, एसटीची पाटी, जमिनीच्या कागदावरचं आपलं नाव, हे तिचं तिला वाचता यायला हवं.

पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी सरकारचा 'उल्लास' हा नवसाक्षरता कार्यक्रम आहे. जवळच्या शाळेत चौकशी करा. आणि मैत्रिणींनो, मालिका संपल्यावर दुपारचा अर्धा तास काढा. भांडी घासायला येणाऱ्या ताईंना, शेजारच्या काकूंना विचारून तर बघा. फक्त चारचौघींत विचारू नका. शिकण्याची इच्छा त्यांना असते. आड येते ती लाज, आणि ती खरं तर आपल्याला वाटायला हवी.