भिंतीला लोणा का लागतो?

घर आणि माती : भाग सहावा

मागच्या भागात जोत्याचा दगड पाहिला. आज त्या जोत्यावर उभ्या राहणाऱ्या विटेकडे वळू. लोणी काळभोरसारख्या गावांच्या जुन्या गावठाणात एक खूण सहज ओळखता येते. वाड्याच्या विटेच्या भिंतीला खालून कमरेएवढा सिमेंटचा गिलावा केलेला असतो आणि त्या गिलाव्याच्या वरच्या कडेला पांढरा लोणा फुललेला असतो. गिलाव्यावर बोटाने टकटक केली तर पोकळ आवाज येतो, आणि पोपडा निघाला की मागची वीट पिठासारखी झडते. घरचे म्हणतात, वीट जुनी झाली. माझ्या मते या भिंतीचा घात तिच्या दुरुस्तीनेच केला आहे.

जुनी वीट आजच्या विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असते. जमिनीतली ओल तिच्यातून वर चढते, सोबत विरघळलेले क्षारही चढतात. विटांमधल्या दर्जा चुन्याच्या असतील तर ही ओल त्यांच्यावाटे बाहेर पडून वाळते; क्षार दर्जांत साठतात, झिजतो तो चुना, वीट वाचते. सिमेंटचा थर ही वाट बुजवतो. मग ओल गिलाव्याच्या वर चढते, क्षार विटेच्याच पोटात खडे धरतात आणि तिचे तोंड फोडतात. शिवाय नदीकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. चुना एवढी हालचाल सोसतो, बारीक भेगा काही अंशी आपोआप भरूनही काढतो. सिमेंट सोसत नाही. ते तडकते आणि त्या तड्यातून आणखी पाणी आत जाते.

हाच अनुभव इंग्लंडचाही आहे. तिथे विटांवरचा कर १८५० मध्ये उठला, रेल्वेने विटा दूरवर पोचू लागल्या आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळात गावोगावी कामगारांच्या विटेच्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. पोर्टलँड सिमेंटचे पेटंट जोसेफ ॲस्पडिन यांनी १८२४ मध्येच घेतले होते, तरी ही घरे मुख्यतः चुन्यातच बांधली गेली. पुढच्या शतकात त्यांच्या दर्जा सिमेंटने भरल्या गेल्या, तेव्हा तिथल्याही विटांची तोंडे उडू लागली. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये स्थापन केलेली जुन्या इमारतींच्या जतनाची संस्था आजही अशा घरांसाठी चुन्याचाच आग्रह धरते. हवामान वेगळे, माती वेगळी, तरी दुखणे एकच. म्हणून दोष आपल्या विटेत शोधणे बरोबर नाही.

यावर पहिला आक्षेप असा की सिमेंट मजबूत असते. नव्या घराच्या आरसीसी सांगाड्यात ते गुण ठरते. जुन्या भिंतीत मात्र दर्जेने विटेपेक्षा मऊ असले पाहिजे, कारण दर्ज पुन्हा भरता येते, झडलेली वीट परत येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चुन्याला वेळ लागतो, खर्च होतो आणि त्यातला जाणकार गवंडी मिळत नाही. हे खरे आहे. पण दर काही वर्षांनी पोपडे काढून पुन्हा गिलावा करण्याचा खर्च कोणी एकत्र मांडत नाही. जाणकार गवंडीही काम मिळाले तरच टिकतील. प्रत्येक वाड्याने सिमेंट निवडले तर ते कोणासाठी शिकतील?

तिसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे: नुसता चुना लावून ओल थांबत नाही. गल्लीत काँक्रीटवर काँक्रीट ओतून रस्ता वर आला आणि जोते गाडले गेले, तर पावसाचे पाणी थेट विटेला भिडते. म्हणून आधी जोते मोकळे करावे, पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर न्यावे, मग सिमेंट हलक्या हाताने काढून भिंत वाळू द्यावी. दर्जा भरायच्या त्यानंतर. पिढ्यान् पिढ्या घर पेललेल्या विटेला एवढी सवड देणे हे आपले देणेच आहे. दर्जेसाठी कळीचा चुना कसा विरवायचा, किती दिवस मुरवायचा, ते पुढच्या भागात.