शेवंतीच्या माळेत झेंडू

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या भाईंदरच्या घरात सगळ्यात जास्त काय उरतं, तर झेंडू. दाराचं तोरण झालं, स्कूटरचा हार झाला, तरी टोपली भरलेलीच. यंदा शेवंतीही उरली होती. नात दोन्ही टोपल्या घेऊन गॅलरीत बसली आणि एकदम म्हणाली, "आजोबा, तुमचे ते ठाण्याचे मित्र ज्यू आहेत ना? मग त्यांचं आडनाव 'कर'वालं कसं? आणि मराठी तर तुमच्यापेक्षा शुद्ध बोलतात!"

शेवटचं वाक्य तिने गाळलं असतं तरी चाललं असतं. पण प्रश्न चांगला होता. म्हटलं, सुई-दोरा घेऊन ये, गोष्ट सांगतो.

आपण उत्तनच्या पुढे चौकला जातो ना, तिथून खाडीचं तोंड दिसतं आणि पलीकडे वसईचा किल्ला. या पाण्यात किती गलबतं आली, मोजदाद नाही. पल्याडचं सोपारा दोन हजार वर्षांपूर्वी नावाजलेलं बंदर होतं. आत घोडबंदर. अरब व्यापारी तिथे घोडे उतरवायचे म्हणून ते नाव पडलं, असं सांगतात. तर असंच एक गलबत खाली अलिबागजवळ, नवगावच्या किनाऱ्याला फुटलं, तेही दोन हजार वर्षांपूर्वी, असं ते लोक सांगतात. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. समुद्राने परत दिलेली प्रेतं त्यांनी गावाजवळच पुरली आणि ते तिथेच राहिले. तेलाचे घाणे चालवू लागले. पण शनिवारी घाणा बंद, कारण तो त्यांच्या धर्मातला विश्रांतीचा वार. गावाने नाव ठेवलं, शनवार तेली. ते स्वतःला म्हणवतात बेने इस्रायल. पेणला राहिले ते पेणकर, नवगावचे नवगावकर. झालं तुझं आडनाव!

"पण हे खरं घडलं?"

ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची आठवण. हाईम सॅम्युएल केहीमकर या गृहस्थांनी 1897 मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. तो छापून यायला 1937 साल उजाडलं. पण फुटलेल्या गलबतातल्या उतारूंची यादी कुठून आणायची? ही उणीव पुढे त्यांना फार जाचली. इस्रायलला गेलेल्या कोकणातल्या या लोकांना 1960 च्या सुमाराला तिथले धर्मगुरू लग्न लावताना अडवू लागले. म्हणे आजी-पणजी कोण, कुठली, ते दाखवा. लोक चिडले, रस्त्यावर उतरले, आणि 1964 मध्ये हे सर्वार्थाने ज्यूच आहेत असं तिथल्या सरकारला जाहीर करावं लागलं. तेव्हा कुणी रक्त तपासलं नव्हतं, आणि माझ्या मते तेच बरं झालं. माणूस कुणाचा, हे ठरवायला सुई टोचायची गरज नसावी. पण तो कुठून कुठून आला ही उत्सुकता वेगळी. ती मलाही आहे.

आता ओवायला घे. एक माळ नुसत्या झेंडूची, एक नुसत्या शेवंतीची.

आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. एक जोडी म्हणजे अशा दोन माळा, एक आईकडून आलेली, एक बाबांकडून. तुला मूल होईल तेव्हा तू त्याला त्यातली एकच देणार. पण जशीच्या तशी नाही. निसर्ग दोन्ही माळा शेजारी ठेवतो, एखाद-दोन ठिकाणी एकाच मापावर कापतो आणि तुकड्यांची अदलाबदल करून गाठ मारतो. अशी जोडमाळ मुलाला मिळते.

समज, झेंडू गलबतातून आला आणि शेवंती कोकणातली. दोघांचं लग्न झालं. त्यांच्या मुलाकडे एक माळ अख्खी पिवळी, एक अख्खी पांढरी. तो आपल्या मुलीला देताना कापून जोडणार, म्हणजे तिच्या माळेत पिवळ्याचा एक मोठा तुकडा. तिने पुढे देताना त्या तुकड्यावर पुन्हा कात्री चालू शकते.

नातीने कात्री चालवायला सुरुवात केली. चार पिढ्या होईतो तिच्या मांडीवर गाठीच गाठी झाल्या आणि पिवळे तुकडे दोन-दोन, तीन-तीन फुलांवर आले. मग हात थांबला. "आजोबा, म्हणजे तुकडे मोजले की किती पिढ्या झाल्या ते कळेल!"

हीच ती युक्ती, तिला आपणहून सापडली. तुकडे लांब तर मिसळण अलीकडची, आखूड तर जुनी.

पण खऱ्या माळेला रंग कुठे असतो? तिथे चार रासायनिक अक्षरांचा लांबच लांब मजकूर असतो. तो तुझा आणि माझा जवळजवळ सारखाच, पण लाखो जागी एखादं अक्षर माणसागणिक वेगळं. अशी काही अक्षरं पश्चिम आशियात जास्त आढळतात, काही आपल्याकडे. एकटं अक्षर फारसं काही सांगत नाही. शेजारशेजारच्या अनेक अक्षरांची रांग पाहिली की हा तुकडा झेंडूचा की शेवंतीचा, याचा अंदाज बांधता येतो. अंदाज म्हणतो, कारण ताडून पाहायला आजची माणसं घ्यावी लागतात. हजार वर्षांपूर्वीची कुठून आणणार?

अमेरिकेतल्या कॉर्नेल आणि इस्रायलमधल्या तेल अवीव विद्यापीठांतल्या संशोधकांनी याच युक्तीने केलेला अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध केला. बेने इस्रायल समाजाची 18 माणसं, आणि ताडून पाहायला ज्यू, भारतीय, पाकिस्तानी अशा 41 समाजांतली 486. अठरा हा आकडा लहानच. पण एकेका माणसाच्या माळेत शेकडो पूर्वजांचे तुकडे असतात, म्हणून निभावतं. निष्कर्ष असा की दोन्ही फुलं भरपूर आहेत, मध्यपूर्वेतल्या ज्यूंची आणि इथलीही. आणि मिसळण झाली 19 ते 33 पिढ्यांपूर्वी, म्हणजे साधारण साडेसहाशे ते साडेदहाशे वर्षांमागे.

"मग दोन हजार वर्षांची गोष्ट खोटी!"

थांब. ही गल्लत शिकलेसवरलेलेही करतात. माळेत गाठ पडते ती दोन घराण्यांत लग्न झाल्यावर. गलबत फुटलं म्हणून पडत नाही. लोक शंभर वर्षं आधी आले, की हजार वर्षं आधी येऊन आपापसातच सोयरिकी करत राहिले, की एकदा सोडून दोनदा आले, ते या तुकड्यांवरून सांगता येत नाही.

आणखी एक गंमत बघ. पेशीतली मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येते. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं. एक्स मुलीला दोन आणि मुलाला एकच, म्हणून त्यात बायकांचा वाटा जास्त. हे सगळं पडताळल्यावर दिसलं की परदेशी अंश पुरुषांकडून जास्त आला आणि इथला बायकांकडून. सात बायका गलबतातून उतरल्याही असतील. पण त्या समाजाच्या आज्या-पणज्यांत मोठा भरणा होता तो इथल्याच लेकींचा.

पुढे मात्र दार बंद झालं. थोडकी माणसं, आणि लग्नं आपापसात. त्यामुळे एखादं किडकं फूल आईच्या आणि बापाच्या अशा दोन्ही माळांत एकाच जागी येण्याचा संभव वाढला. काही आनुवंशिक आजार असेच होतात.

आणि त्यांना हसू नकोस, आपण निराळे नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या लालजी सिंग आणि थंगराज यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर 2009 मध्ये दाखवलं की बहुतेक सगळे भारतीय दोन प्राचीन समूहांच्या मिश्रणातून आले. त्या मिश्रणाचा काळ 2013 मध्ये तुकड्यांवरूनच काढला, साधारण 1900 ते 4200 वर्षांपूर्वीचा. त्यानंतर जातीच्या भिंती उभ्या राहिल्या. तोवर सगळे सर्रास मिसळत होते. शुद्ध रक्ताच्या गप्पा मारणारे आमच्या सोसायटीतही आहेत. त्यांना मी हल्ली एवढंच सांगतो. पुढच्या मीटिंगला ते माझ्याशी बोलत नाहीत.

आपल्याच रुळांवरून विरार-डहाणू ओलांडून गेलं की गुजरातेत संजाण लागतं. इराणहून आलेले पारशी तिथे उतरले, अशी त्यांची आठवण. त्यांच्याही माळा 2017 मध्ये तपासल्या. मिसळण निघाली सुमारे 1200 वर्षांपूर्वीची, आठवणीशी बऱ्यापैकी जुळणारी.

संध्याकाळपर्यंत नातीने सगळे तुकडे जोडून एकच लांब माळ केली आणि दाराला लावली. मी मित्राला फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, तुकडे मोजा खुशाल, पण आमचे इस्रायलमधले नातेवाईक अजून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक वाचतात, ते कुठल्या गुणसूत्रावर आहे ते शोधा. ठाण्याचं त्यांचं शार हशामाइम सिनेगॉग 1879 सालचं. नातीला ते पाहायचंय. रविवारी जायचं ठरलंय. शनिवारी तो फोनसुद्धा उचलत नाही.