कौशल्याची मर्यादा

अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील जुगारघरांत व्हिडिओ पोकर हा कौशल्याचा खेळ म्हणून ओळखला जातो, आणि ते खोटे नाही. यंत्र पाच पत्ते देते. कोणते राखायचे व कोणते बदलायचे, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. गुलामाच्या जोडीसोबत एक्काही राखून ठेवणे ही नवख्याची चूक. जाणता जोडी ठेवून उरलेले तिन्ही पत्ते बदलतो.

परंतु या जाणतेपणाची धाव कोठवर? फुल हाउसला नऊपट व फ्लशला सहापट देणाऱ्या नेहमीच्या यंत्रावर निर्दोष खेळणाऱ्यालाही लावलेल्या शंभर डॉलरमागे सरासरी ९९.५४ डॉलरच परत मिळतात. हेच दर आठ व पाच केले, की परतावा ९७.३० वर येतो. पत्ते तेच, कौशल्यही तेच. तोटा मात्र जवळजवळ सहापट! शिवाय या सरासरीत रॉयल फ्लशचे मोठे बक्षीसही धरलेले असते, आणि तो योग सुमारे चाळीस हजार डावांत एकदा येतो.

तेव्हा खरी चतुराई पत्त्यांत नसून यंत्रावरील दरपत्रक वाचण्यात आहे. ते वाचल्यावर अशा यंत्रांपुढून उठून जाणे, हाच शहाणपणाचा डाव ठरतो. आपल्याकडेही पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची कौशल्याच्या नावाने दीर्घकाळ भलावण झाली. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने त्यांवर बंदी घालताना कौशल्य आणि दैव हा भेद मानला नाही. खेळात कौशल्य आहे काय, एवढेच विचारून भागत नाही. त्या कौशल्याचे फळ अखेर कोणाच्या पदरात पडते, हेही विचारले पाहिजे.