सेकंदाला दोन अंत्य

रामटेकचा गड चढताना पाय घसरला आणि गुडघा पायरीवर आपटला. आधी काळानिळा झाला, मग हिरवट, आठवड्याने पिवळा. कातडीखाली भंगारकाम चालू होतं. एरवी जंतू गिळणाऱ्या भक्षकपेशी सांडलेलं रक्त गिळत होत्या. हिमोग्लोबिन फोडलं की लोह सुटतं, मागे उरतं ते आधी हिरवं, मग पिवळं.

मार लागला नाही तरी पानथरीत, यकृतात, अस्थिमज्जेत हे काम अखंड चालतं. तांबडी पेशी जगते 120 दिवस. सेकंदाला वीसेक लाख पेशी मोडीत निघतात. गुडघा चोळत मी बारा मिनिटं बसलो, तेवढ्यात 140 कोटी गेल्या. अख्ख्या देशाची लोकसंख्या! एकेकीत लोहाचे 100 कोटींवर अणू. सेकंदाच्या वीस लाखांशी गुणाकार केला तर 2 वर 15 शून्यं. ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी या स्थानाला ‘अंत्य’ म्हटलंय. नाव अंत्य, पण त्यापुढे मध्य आणि परार्ध आहेतच. (संस्कृत विद्यापीठाच्या गावात एवढी पंडिती खपून जावी.)

आणि दिवसभराच्या या सगळ्या लोहाचं वजन? 20 ते 25 मिलीग्रॅम. चिमूटभर मीठही याहून जड.

जवळच मनसरला मँगनीजची खाण आहे. तिथे नवा माल जमिनीतून निघतो. शरीराचं उलटं. जेवणातून रोज जेमतेम 1-2 मिलीग्रॅम लोह येतं, बाकी सारा संसार भंगारावर. तांबड्या पेशींबाहेर रक्तात फिरतं लोह फक्त 3 मिलीग्रॅम, म्हणजे अस्थिमज्जेला तीनेक तास पुरेल इतकं. भक्षकपेशीतून लोह बाहेर पडायला एकच दार, फेरोपोर्टिन. ताप आला की यकृत हेपसिडिन सोडतं आणि दार बंद होतं. जंतूंनाही लोह लागतं ना! घरचे उपाशी राहिले तरी चालतील, पण चोराला दाणा मिळता कामा नये, असा हिशेब. जुनाट आजारात अंगात लोह असूनही रक्त कमी भरतं, ते यामुळेच.

हे दार उघडतं ते रक्तात. अंगाबाहेर लोह टाकायला मोरीच नाही. रोज 1-2 मिलीग्रॅम आपसूक झडतं, तेवढंच. इथे विदर्भाचा जुना दुखरा विषय येतो, सिकलसेल. नागपुरातली त्याची नोंद शुक्ल आणि सोलंकी यांनी 1958 साली प्रसिद्ध केली. या आजारात तांबडी पेशी 10-20 दिवसांतच मोडते. रक्त चढवावं, तर एका पिशवीत 200-250 मिलीग्रॅम लोह; ते झडायला निदान तीन महिने. पुढची पिशवी त्याआधीच लागली, तर लोह यकृतात आणि हृदयात साचत जातं. मग ते शौचावाटे काढायला वेगळी गोळी, रोजची.