मत्स्याहारातील रासायनिक दोष : धोका कसा मोजावा?

देवणी तालुका समुद्रापासून दूर असला, तरी आपल्या रुग्णांच्या आहारात मासे आहेत. तळ्यांतील रोहू, कटला व मरळ, बर्फातून येणारे समुद्री मासे आणि बाजारातील सुकट-बोंबील हे सर्व त्यात येते. माशात रसायने असतात, मग ते खावेत की नाही, असा प्रश्न रुग्ण आपणांस विचारतात. केवळ होकार किंवा नकार देऊन हे उत्तर पूर्ण होत नाही. कोणते द्रव्य, किती मात्रेत, कोणत्या शरीरात व किती काळ, या चार गोष्टींवर धोका ठरतो. अल्प प्रमाणात शरीरात राहून कालांतराने विकार उत्पन्न करणाऱ्या दूषीविषाचे वर्णन सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात आहे. त्यामुळे हा विचार आपणांस परका नाही.

जुलै २०१८ मध्ये गोव्यात मडगावच्या घाऊक बाजारातील माशांत फॉर्मेलिन असल्याचे प्राथमिक चाचणीत दिसले. पुढे प्रयोगशाळेने प्रमाण मर्यादेत असल्याचे सांगितले, तरी लोकक्षोभ वाढला आणि राज्य सरकारने परराज्यांतून येणाऱ्या माशांवर काही दिवसांची बंदी घातली. या वादात दोन प्रश्नांची गल्लत झाली. मासे टिकविण्यासाठी फॉर्मेलिन वापरण्यास परवानगीच नाही. तथापि काही माशांत फॉर्मल्डिहाइड निसर्गतःही तयार होते. म्हणून द्रव्य आढळले एवढ्यावरून भेसळ सिद्ध होत नाही, आणि प्रमाण अल्प आहे एवढ्यावरून भेसळ क्षम्य ठरत नाही.

पाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. पाण्यातील सूक्ष्म जंतू पाऱ्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. लहान मासा मोठ्याचे भक्ष्य होतो, तसतसे त्याचे प्रमाण वाढत जाते. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातून असा पारा माशांत व माशांतून माणसांत गेला. तेथील मज्जाविकार १९५६ साली उजेडात आला.

आता हिशेब पाहू. मिथाइल पाऱ्याची सह्य साप्ताहिक मात्रा शरीराच्या दर किलो वजनास १.६ मायक्रोग्रॅम अशी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये ठरविली. ६० किलो वजनाच्या व्यक्तीस ती ९६ मायक्रोग्रॅम होते. एक किलो माशात २५० मायक्रोग्रॅम मिथाइल पारा आहे असे धरल्यास, त्या व्यक्तीची मर्यादा आठवड्यास सुमारे ३८४ ग्रॅम मासे एवढी येते. १५ किलोच्या बालकास मात्र तीच मर्यादा ९६ ग्रॅमवर येते. मासा एकच, परंतु धोका भिन्न. गर्भिणीच्या बाबतीत गर्भाच्या मेंदूचा विचार करून अधिक सावध राहावे. मुशी, मोठी सुरमई यांसारखे भक्षक मासे तिने टाळावेत. बांगडा, तारली व तळ्यातील रोहू हे तुलनेने बरे.

शिजविण्याने सर्व दोष जातात हा समज चुकीचा आहे. फॉर्मल्डिहाइड पाण्यात विरघळते, म्हणून धुण्याने व शिजविण्याने ते काही अंशी कमी होते. पारा मांसातील प्रथिनांशी बांधलेला असल्याने तसाच राहतो. सुकविताना पाणी जाते, पारा जात नाही. म्हणून सुक्या माशाचे वजन ताज्याप्रमाणे धरू नये. मेदात साठणारी जुनी कीटकनाशके त्वचा व चरबी काढल्यास कमी होतात. फवारणीनंतर तळ्यात मरून तरंगणारे मासे मात्र कोणत्याही परिस्थितीत खाऊ देऊ नयेत. लालास्राव, संकुचित बाहुली व श्वासकष्ट दिसल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

रसकल्प देणाऱ्या वैद्यांनी व ते विकणाऱ्या औषधालयांनी आणखी एक दक्षता घ्यावी. रुग्णाच्या तपासणीत पारा अधिक आढळल्यास तो माशांतून आला की औषधातून, हे पाहणे आपले कर्तव्य आहे. माशांतील मिथाइल पारा मुख्यतः रक्तात व केसांत दिसतो. असेंद्रिय पाऱ्यासाठी मूत्रपरीक्षण अधिक उपयोगी ठरते. दोन्ही अहवाल एकत्र वाचल्याशिवाय मासे किंवा औषध यांपैकी कोणासही दोष देऊ नये, निर्दोषही ठरवू नये.

मासा कोणता, आठवड्यात किती वेळा, एका वेळी किती, ताजा की सुका, आणि रुग्णाचे वजन किती, हे पाच प्रश्न रुग्णपत्रिकेत नोंदवावेत, अशी आमची सर्व वैद्यबंधू-भगिनींस विनंती आहे. मत्स्याहाराचे पोषणमूल्य मोठे आहे; भीतीपोटी गरिबाच्या ताटातून ते काढून घेणे हाही एक अपायच होय.